ट्रकचा इनटेक मॅनिफोल्ड घरीच उघडला : माझा अनुभव

बुटीबोरीहून माल भरून नागपुरात सीताबर्डीकडे येत होतो. वर्धा रोडवरचा 3.14 किलोमीटरचा डबल डेकर उड्डाणपूल एरवी मी चौथ्या गिअरमध्ये चढतो. त्या दिवशी तिसरा टाकावा लागला. वजन रोजचंच होतं. आरशात मागे काळा धूर दिसत होता आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून बारीक शिट्टी ऐकू यायची. ॲव्हरेज तर पंधरा दिवसांपासून उतरलेलं होतंच.

गाडी माझी छोटीच आहे, चार सिलिंडरची, बीएस-4, टर्बो डिझेल. अशा इंजिनात टर्बो हवा दाबून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवेच्या फाटे फुटलेल्या नळीत, पाठवतो आणि तिथून ती चारही सिलिंडरना वाटली जाते. मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरच्या वरचं झाकण) यांच्यामधली पॅकिंग फुटली की दाबलेली हवा वाटेतच निसटते. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून काळा धूर. शिट्टी त्या निसटणाऱ्या हवेची. सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये हाच मॅनिफोल्ड उघडून परत बसवला होता, त्यामुळे माझा पहिला संशय तिथेच गेला.

आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका राहतात. त्यांना शिट्टी ऐकवली. ते म्हणाले, "घरीच खोल. घाई नको करू, अन् रोज मले दाखवत जाय."

पोळ्याच्या दिवशी सुरुवात केली. त्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत आणि आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून गाडीही उभीच असते. रात्रभर उभी असल्याने इंजिन थंड होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग टर्बोकडून येणारा होज, ईजीआरचा (धूर इंजिनात परत आणणारा) पाइप, दाबलेल्या हवेचा दाब मोजणारा बूस्ट सेन्सर. मुलगी अकरावीला आहे. तिने प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला आणि बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच जागी पुठ्ठ्यावर टोचून ठेवला, कारण बोल्टची लांबी सगळीकडे सारखी नसते. माझ्या गाडीत डिझेलचे हाय प्रेशर पाइप आड येत नाहीत. ज्यांच्या गाडीत येतात त्यांनी ते चालू इंजिनावर किंवा इंजिन बंद करून लगेच अजिबात सोडू नयेत. कॉमन रेलमधला (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब हजार बारच्या वर जातो, एवढ्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

बोल्ट नऊ निघाले, वॉशर मात्र आठच. नववा वॉशर हेडच्या पोर्टमधून (हवा आत जायच्या तोंडातून) आत गेला असेल तर स्टार्टर मारताच व्हॉल्व्ह आणि पिस्टनचं काय होईल, हे माहीत असल्याने माझे हात थांबले. एक तास शोधलं. बॅटरीखाली, चेसिसवर, लोहचुंबक बांधलेली काडी फिरवून. शेवटी मुलीलाच दिसला. मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला तेलकट काजळीत तो चिकटून बसला होता. तेव्हापासून एक पोर्ट उघडा पडला की लगेच त्यात कापडाचा बोळा कोंबायचा, आणि किती बोळे कोंबले ते पुठ्ठ्यावर लिहायचं, हा नियम केला.

मॅनिफोल्ड उलटा करून पाहिला तर ईजीआरच्या तोंडाशी माझा अंगठाही जेमतेम जात होता. ईजीआर धुराचा काही भाग परत आत सोडतो, त्यात काजळी असते. इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेलाची वाफ येते. दोन्ही एकत्र आले की डांबरासारखा थर बसतो, वर मऊ, खाली दगडासारखा. वास जळक्या तेलाचा, आणि तो हातावरून दोन दिवस गेला नाही.

गल्लीतल्या एकाने सुचवलं, कॉस्टिक सोड्यात टाका, गॅरेजमध्ये असेच धुतात. काकांनी लगेच हटकलं. "लोखंडाले चालते ते. हे ॲल्युमिनिअम हाय ना बाप्पा, खाऊन टाकन!" खरंच, कॉस्टिक ॲल्युमिनिअमला विरघळवतं, त्यातून हायड्रोजन निघतो आणि पॅकिंगचा फेस (पॅकिंग बसते ती सपाट बाजू) खड्ड्याखड्ड्यांचा होतो. म्हणून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. अंगणात मी लाकडी पट्टीने थर खरवडत होतो आणि पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन दारोदार येत होती. माझे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून बोजारा (पोरांना द्यायचे पैसे, खाऊ) बायकोनेच दिला. लाकडी पट्टी, बाटली धुवायचा ब्रश, मग डिग्रीझर, मग साबणाचं गरम पाणी. ही फेरी चार वेळा झाली. पाचव्या वेळी आतून धातूचा पांढुरका रंग दिसला आणि मला मनापासून आनंद झाला. बूस्ट सेन्सरच्या छिद्रावरही काजळी होती. त्यात तार घालायची नाही, नाहीतर आतला पडदा फाटतो. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून आपोआप सुकू दिला.

गळतीचं कारण मात्र फेसवर सापडलं. मागच्या वेळी कोणीतरी कागदी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापलं होतं. बोल्ट आवळल्यावर ते आत ओघळून पोर्टच्या कडेला लाल शेपट्यांसारखं लोंबत होतं. सिलिकॉनमुळे पॅकिंग ओलसर, घसरती राहते आणि दाबाखाली सरकते. चौथ्या सिलिंडरपाशी ती सरकून फाटली होती. यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे ती शेपटी तुटून सिलिंडरमध्ये जाऊ शकते. जिथे कंपनीनेच अशी सिलिकॉनसारखी लिक्विड पॅकिंग सांगितली आहे तिथे ती लावावी, पण मनाला बरं वाटावं म्हणून लावू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

हेडकडची जुनी पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने काढली. इथे ग्राइंडरला लावायची खरखरीत डिस्क वापरू नये. तिची भुकटी इंजिनात गेली तर तेलातून बेअरिंगपर्यंत पोचते. प्रत्येक बोळा काढायच्या आधी भोवतालची पूड घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतली.

काकांनी स्टीलची सरळ पट्टी आणि पातळ पानांनी फट मोजायचं फिलर गेज दिलं. पट्टी फेसवर तिरपी ठेवून खालून 0.15 मिलिमीटरचं पान सरकवलं, ते चौथ्या तोंडापाशी सहज गेलं. काका 0.10 च्या वर मान्य करत नाहीत. मग जाड काच टेबलावर ठेवली, तिच्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर, फेसवर मार्करच्या रेघा आणि मॅनिफोल्ड इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा. जिथली रेघ पुसली ती जागा उंच, जिथली राहिली ती खोल. दर पाच मिनिटांनी उचलून बघितलं. दीड तासाने शेवटची रेघ गेली. 400 नंबरने हात फिरवून पुन्हा साबणाने धुतला, कारण पॉलिश पेपरची रेती आत राहिली तर सगळी मेहनत वाया. आभाळ भरलेलं, ऊन नव्हतं, म्हणून रात्रभर पंख्याखाली ठेवला.

बसवणं त्यामानाने लवकर झालं. बोळे मोजून काढले. नवी पॅकिंग कोरडी ठेवली, ईजीआरचीही नवी घातली. बोल्ट आधी हाताने, मग टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या), मधल्यापासून दोन्ही टोकांकडे, दोन फेऱ्यांत. 8 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर लागतं, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच धरावा. ब्रीदरचा पाइप साफ केला, होजचे क्लिप बदलले.

"ईजीआर बंद करून टाका, काजळीचा त्रासच नको," हा सल्ला या तीन दिवसांत मला तीन जणांनी दिला. मी तो मानला नाही. ज्वलनाचं तापमान कमी ठेवून विषारी नायट्रोजन ऑक्साइड घटवणं हे ईजीआरचं काम आहे, आणि या गल्लीत माझीही मुलगी श्वास घेते. दर काही वर्षांनी मॅनिफोल्ड धुवायला माझी तयारी आहे.

इंजिन चालू करण्याआधी टर्बोच्या तोंडावर पीव्हीसीची टोपी बसवली, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावला आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फक्त 15 पीएसआय हवा भरली. टोपीसमोर उभं राहायचं नाही, ती सुटू शकते. ऑइलच्या टोपीतून थोडी फुसफुस येते, ती पिस्टन रिंगच्या फटीतून, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साबणाचं पाणी मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर शिंपडलं. बुडबुडा एकही आला नाही. होजच्या एका क्लिपखाली मात्र आला, तो आवळला.

चौथ्या दिवशी बुटीबोरीहून तेवढाच माल भरला. उड्डाणपुलावर गिअर चौथाच राहिला. संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर काकांनी टॉर्क पाना पुन्हा लावायला सांगितला. कागदी पॅकिंग पहिल्या उष्णतेनंतर थोडी बसते. नऊपैकी दोन बोल्ट केसभर फिरले.