दोन नाण्यांनी ओळख पटलेला श्टेफान लोखनर

1520 साली जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युरर नेदरलँड्सच्या दौऱ्यात जर्मनीतल्या कोलोनला थांबला. प्रवासाच्या हिशेबवहीत त्याने एक ओळ लिहिली: कोलोनच्या मास्टर श्टेफानने केलेला चित्रफलक उघडून दाखवायला 2 वाइसफेनिग (चांदीची लहान नाणी) दिले. पंधराव्या शतकातला कोलोनचा चित्रकार श्टेफान लोखनर याच्या एकाही चित्रावर सही नाही. त्यामुळे खर्चाच्या या एका नोंदीवर त्याची सगळी ओळख उभी आहे. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी हा ‘श्टेफान’ कोलोनच्या दफ्तरातल्या श्टेफान लोखनरशी जुळवला. फलक कोणता हे ड्युरर सांगत नाही, म्हणून काहींनी या जुळणीवरच शंका घेतली. बहुतेकांना ती पटते, मलाही.

उघडायला पैसे का, तर फलक दारांचा होता. बहुतेकांच्या मते तो म्हणजे कोलोनच्या नगररक्षक संतांची वेदी, म्हणजे वेदीवर उभा करायचा दारांचा चित्रफलक; ती तेव्हा नगरसभेच्या प्रार्थनाघरात होती. दारे मिटलेली असली की बाहेर फक्त मेरी आणि देवदूत दिसत. उघडल्यावर मधे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे, एका बाजूला संत उर्सुला आणि तिच्या सख्या, दुसऱ्या बाजूला संत गेरेऑन आणि त्याचे शिपाई, आणि सगळ्यांच्या मागे सोने. 1810 पासून ती कोलोनच्या कॅथिड्रलमध्ये आहे.

हे सोने म्हणजे सोनेरी रंग नव्हे, खरा वर्ख. ओकच्या फळीला आधी सरस, मग सरसात कालवलेल्या खडूचे अनेक हात. (आल्प्सच्या दक्षिणेला इटलीत खडूऐवजी जिप्सम वापरत.) वरच्या हातातला सरस खालच्यापेक्षा कडक झाला की वाळताना तो आकसतो, खालचा थर ओढतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून वर जाताना सरस पातळच करायचा. पृष्ठभाग खरवडून गुळगुळीत झाला की आकृत्यांचे रेखाटन, आणि सोने व रंग जिथे भेटतात तिथे टोकदार सुईने रेघ कोरायची. वर्ख चढल्यावर खालचे रेखाटन दिसत नाही, रेघ दिसते.

मग लाल चिकणमातीचा लेप. तो ओला करून वर्ख अलगद सोडायचा आणि घोटण्यासाठी नेमकी वेळ साधायची. लवकर घोटलात तर वर्ख फाटतो, उशीर केलात तर चकाकी येत नाही. घोटायला अकीक किंवा कुत्र्याचा दात. प्रभावळीतले ठिपके ठशाने उठवायचे तेही खालचा थर जरा नरम असतानाच. कोरड्या थरावर ठोकले की तडा गेलाच.

रंगांत सर्वांत महाग निळा. त्याचा दगड, लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून येई. त्याची पूड मेण-राळेत मळून क्षाराच्या पाण्यात निळा वेगळा करावा लागे. म्हणून खाली अझुराइट हे स्वस्त निळे खनिज आणि वर लाजवर्दाचा पातळ हात, अशी काटकसर चाले. अझुराइट फार बारीक घोटला तर फिकट पडतो, म्हणून तो भरडच ठेवायचा.

वॉलराफ-रिखार्ट्झ संग्रहालयातली ‘गुलाबमांडवातली मेरी’ जेमतेम 51 बाय 40 सेंटिमीटरची आहे. मेरीच्या छातीवरच्या ब्रोचकडे नीट बघा: कुमारिका आणि एकशिंगी घोडा, इतक्याशा जागेत. भोवती देवदूत वाजवत बसलेत, वर दोघे पडदा धरून आहेत. मोठ्या वेदीपेक्षा मला हेच काम अवघड वाटते. एवढ्या लहान जागेत हात चुकला तर लपवायला जागा नाही.

माणूस म्हणून कागदोपत्री तो थोडाच सापडतो. 1442 मध्ये जर्मन राजा फ्रीडरिख तिसरा येणार म्हणून केलेल्या सजावटीचे पैसे त्याला मिळाले. 1444 मध्ये सेंट आल्बान चर्चजवळ त्याने घरे घेतली. 1447 मध्ये नागरिकत्व मिळाले, आणि त्याच वर्षी व पुन्हा 1450 मध्ये चित्रकारांच्या संघाने त्याला नगरसभेत पाठवले. 1451 च्या सप्टेंबरमध्ये सेंट आल्बानच्या मंडळींनी नगरसभेकडे परवानगी मागितली: प्लेगचे मुडदे पुरायला जागा उरली नाही, लोखनरच्या घरालगतची जमीन द्या. त्या वर्षीच्या नाताळापर्यंत तोही गेला होता.