माळावरच्या पाण्यासोबत समुद्रापर्यंत

एक्समूरला जाणारे बहुतेक पर्यटक थेट लिनमथच्या बंदरावर उतरतात. माझे मात्र आग्रहाचे सांगणे असे, की या सुट्टीची सुरुवात वरच्या माळरानावरून करावी आणि तिथल्या पाण्याच्या सोबतीने समुद्र गाठावा.

इंग्लंडच्या नैऋत्येस, डेव्हन आणि सॉमरसेट या परगण्यांत एक्समूरचे हे राष्ट्रीय उद्यान १९५४ पासून आहे. आम्ही 'द चेन्स' या उंच, ओसाड पठारावरून निघालो. तिथे झाड नाही. वाऱ्यावर लवणारे फिकट गवत आणि त्याखाली काळी, भिजलेली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, माती एवढेच. वाटेवरून पाऊल जरा ढळले की बूट घोट्यापर्यंत रुते आणि तो ओढून काढताच खळग्यात तपकिरी पाणी साचे. हा माळ पाणी धरून ठेवतो खरा, पण एकदा तो तुडुंब भरला की पुढचा सगळा पाऊस खालच्या अरुंद दऱ्यांत धाव घेतो. १५ ऑगस्ट १९५२ रोजी, चोवीस तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ईस्ट लिन आणि वेस्ट लिन या नद्या प्रचंड धोंडे लोटत लिनमथमध्ये शिरल्या आणि ३४ माणसे दगावली. पायाखालची ती चिंब माती पाहिल्यावर हा आकडा मनातून जात नाही.

होअरओक ओढ्याच्या काठाने उतरत गेले की वॉटर्समीटला तो ईस्ट लिनला मिळतो आणि तिथून दाट झाडीतली नदीकाठची वाट लिनमथला पोहोचते. पायांत बळ उरले असले तरी वर कड्यावरच्या लिंटन गावी जाण्यासाठी १८९० पासून चालणाऱ्या कड्यावरच्या रेल्वेतच बसावे. तारेने जोडलेल्या दोन डब्यांपैकी वरच्याच्या टाकीत वेस्ट लिनचे पाणी भरतात, खालच्याचे सोडून देतात आणि जड झालेला डबा उतरताना दुसऱ्याला वर खेचतो. खालच्या स्थानकात उभे राहून पाणी सुटण्याचा तो आवाज जरूर ऐकावा. ज्या नदीने गाव उद्ध्वस्त केले, तीच इथे रोज माणसांना कडा चढवते.

पुढचा दिवस किनाऱ्यासाठी राखून ठेवावा. माइनहेडपासून पूल नावाच्या बंदरापर्यंत जाणारी १,०१४ किलोमीटरची किनारी पायवाट इथूनच जाते आणि लिंटनच्या पश्चिमेला, व्हॅली ऑफ रॉक्समध्ये, उभ्या खडकांवर रानबकऱ्या निर्धास्त चरताना दिसतात. कड्यांखालच्या गोट्यांवरून चालायचे असेल, तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे आणि ओहोटी सुरू असतानाच निघावे. ब्रिस्टल चॅनल या इथल्या समुद्रभागातील भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी झपाट्याने चढते आणि मागे सरकायला कड्यावर वाट नसते. आम्ही पुढच्या वळणाचा मोह सोडून वेळेत परतलो. बंदरात तेव्हा होड्या चिखलावर कलंडलेल्या होत्या आणि त्यांच्या बाजूने, गोट्यांमधून, माळावरचे ते तपकिरी पाणी समुद्राकडे चालले होते.