विहीर, तापी आणि मालवण : आमच्या स्कूबा दुकानाची वाटचाल

आप्पांचं दुकान मोटर रिवायंडिंगचं. अमळनेर तालुक्यातलं गाव, शिवारात कापूस आणि जागोजागी विहिरी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की शेतकरी पंप खाली सोडायचा, दोर कुजका निघाला की पंप तळाला. मग आप्पांचा निरोप जायचा नानांना. नाना आमच्या गावचे पाणबुडे. कमरेला दोर बांधून, छातीत श्वास भरून ते विहिरीत उतरायचे, पंपाला गाठ मारायचे आणि वर यायचे. गाळ फार असला की त्यांना आठ-दहा बुड्या माराव्या लागत.

पुढे नानांनी टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर आणला. डिझेल इंजिनावर चालणारा. त्याची नळी दातांत धरायची आणि खाली बसून काम करायचं. गावाला नवल वाटलं, मलाही वाटलं. एका दुपारी काठावर दोर धरून मी उभा होतो. वारा फिरला आणि इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी जाऊ लागला. आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. नानांनी दोराला झटका दिला तेव्हा आम्ही त्यांना ओढून घेतलं. काठावर ते ओकले, उठून बसता येईना. "डोकं फिरी राह्यनं रे भाऊ," एवढंच म्हणत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड. नाना वाचले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आज जळगावात आमचं स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवा घेऊन पाण्याखाली उतरायच्या साधनांचं आणि वेटसूटचं, म्हणजे पाण्यात ऊब धरणाऱ्या रबरी पोशाखाचं दुकान आहे, त्याचं मूळ त्या काठावर आहे.

त्यानंतर मी वाचत सुटलो. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वास घेतला की तेवढ्यापुरतीच हवा देणारा रेग्युलेटर तयार केला, हे तेव्हा कळलं. माणूस पाठीवर हवा घेऊन मोकळा हिंडू लागला तो त्यामुळे. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो हेही तेव्हाच कळलं. बातमीत हमखास 'ऑक्सिजन सिलिंडर लावून पाणबुडे उतरले' असं येतं. असते ती आपलीच हवा, २१ टक्के ऑक्सिजनवाली, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली माणसाला झटके आणू शकतो. हा फरक मी आजही दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगतो, त्याने विचारलं नसलं तरी.

मग मालवणजवळच्या तारकर्लीला जाऊन रीतसर प्रशिक्षण घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा, अंगात भाड्याचा वेटसूट घालून. परत आलो आणि घरी सांगितलं की आता हाच धंदा करायचा. आई म्हणाली, "आठे समुद्र कोठे शे? कोनले इकशी?" आईचं खरं होतं, पण समुद्र नसला तरी खानदेशात पाणी आहे. तापीवर हतनूर धरण आहे, त्याचे ४१ दरवाजे आहेत. खाली सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज. इकडे वाघूर, तिकडे अनेर. दरवाज्याचं रबर पाहायचं, जॅकवेलच्या, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीच्या तोंडावरचा गाळ काढायचा, जाळीत अडकलेलं झाड सोडवायचं, ही कामं कोणीतरी पाण्याखाली जाऊनच करतं. आणि कोणी बुडालं की गावोगावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाच हाक जाते. ती पोरं नुसत्या चड्डीवर, थंडीतही, दोन-दोन तास पाण्यात राहतात. त्यांच्या अंगावर काहीतरी असावं, एवढं मला त्या वेळी वाटत होतं.

पहिल्या मालातच हात पोळले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून वीस वेटसूट उचलले. वेटसूट म्हणजे वेटसूट, असं मी धरून चाललो होतो. पेट्या उघडल्या तर सगळे सर्फिंगचे. त्यांचं निओप्रीन, म्हणजे सुटाचं फेसाळ रबर, मऊ आणि लवचीक असतं, लाटेवर हात मारायला बरं, पण खोल पाण्यात ते लवकर दबतं आणि गुडघ्याला जाड ठिगळ नसतं. धरणाच्या काँक्रीटवर गुडघा टेकला की फाटलाच. त्यात मापं उंच, सडपातळ माणसाची. आमच्याकडचा माणूस साडेपाच फुटांचा, छाती बेचाळीस. बाह्या लोंबत होत्या, पाठीच्या खोलगट भागात पाण्याची पिशवी होत होती. व्यापाऱ्याने माल परत घेतला नाही. आप्पांनी दुकानाच्या गल्ल्यातून मला पैसे दिले होते, त्यामुळे ती पेटी मला बरीच वर्षं डोळ्यासमोर नको वाटायची.

पण मापाचं शिक्षण मला त्या पेटीनेच दिलं. वेटसूट पाणी आत येऊ देत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. पाणी आत येतंच. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, आणि ती धरून ठेवतात ते निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने हीच गोष्ट ओळखली, की गरम राहायला कोरडं राहायची गरज नाही. मात्र आत आलेलं पाणी जागचं हलता कामा नये. सूट ढगळ असला की प्रत्येक हालचालीला जुनं पाणी बाहेर, गार पाणी आत. मग सात मिलिमीटरचा असला तरी माणूस कुडकुडतो.

म्हणून आम्ही टेपने उंची, वजन, छाती, कंबर, पार्श्वभाग घेतो आणि छातीच्या मापाला पहिला मान देतो. सूट घातल्यावर गिऱ्हाइकाला चार ठिकाणी बघायला सांगतो : मान, काख, जांघ आणि पाठीचा खोलगा. कुठे पोकळी राहिली तर एक माप खाली. खाली बसून उठायला सांगतो, दोन्ही हात वर करायला लावतो, मग पूर्ण श्वास घ्यायला लावतो. जमिनीवर घट्ट वाटला तर हरकत नाही, पाण्यात तो थोडा सैलावतोच. पण श्वास अडत असेल किंवा मानेशी गळा आवळल्यासारखं होत असेल तर तो सूट त्याचा नव्हे. घालताना पायात आधी प्लास्टिकची कॅरीबॅग चढवली की पाय सर्रकन आत जातो. ही युक्ती मला तारकर्लीच्या पोरांनी शिकवली. जोर लावून नखांनी ओढाल तर निओप्रीनला चंद्रकोरीसारखे काप पडतात, आणि दुरुस्तीला येणाऱ्या सुटांत निम्म्याहून जास्त असेच कापलेले असतात.

किती जाडीचा घ्यावा, हा प्रश्न सगळ्यांचा. मालवणला डिसेंबर ते मे या काळात बुडी मारायची, तासाभरात वर यायचं, तर तीन मिलिमीटर पुरे. ऊब हा त्याचा एक उपयोग, खडक आणि जेलीफिश यांच्यापासून कातडी वाचते हा दुसरा. हतनूरच्या पाण्यात डिसेंबर-जानेवारीत दोन-दोन तास काम करणाऱ्याला मी पाच मिलिमीटरच्या खाली देत नाही. शिवणही बघायची. सपाट शिवण आरपार जाते, तिच्यातून पाणी झिरपतं. उबदार पाण्यात तिने भागतं. गार पाण्यासाठी आधी चिकटवलेली आणि सुई आरपार न जाऊ देता शिवलेली घ्यावी. आणखी एक गोष्ट खोल कामाच्या लोकांना आवर्जून सांगतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधल्या बुडबुड्यांचं आकारमान जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे खाली गेल्यावर सूट पातळ होतो, ऊब कमी देतो आणि तरंगवतोही कमी. वर ठीक वाटलेलं कमरेच्या शिशाचं वजन खाली जड होतं, ते अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटमध्ये हवा घेऊन सावरावं लागतं.

वजनाचा गोंधळ आमच्या भागातल्या माणसाचा खास. भुसावळच्या एका तरुणाने हतनूरच्या पाण्यात शिशाचा पट्टा अगदी जुळवून घेतला आणि तोच घेऊन मालवणला गेला. तिथे बुडेचना. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून साधारण अडीच टक्के जड, त्यामुळे साधनांसह नव्वद किलोच्या माणसाला दोन-सव्वादोन किलो शिसं जास्त लागतं. शिवाय अॅल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत जातं तसं हलकं होतं, कारण आतली हवाच अडीच-पावणेतीन किलोची असते. म्हणून वजन जुळवायचं ते बुडीच्या शेवटी, सिलिंडर जवळपास संपलेलं असताना.

मास्क ही सगळ्यात आधी घ्यायची वस्तू. उसना मास्क म्हणजे उसना चष्मा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. आमच्याकडे मिशा भरदार. मिशीवर सिलिकॉन नीट बसत नाही आणि तिथून पाणी शिरतं. नाकाच्या खालची पट्टी थोडी कातरली की पुष्कळांचं भागतं, पण बुजुर्ग मंडळींना मी ते सुचवताना दहा वेळा विचार करतो. काच टेम्पर्ड आहे हे छापलेलं बघा. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने चोळून काढला नाही तर धुकं धरतं.

मग फिन, म्हणजे पोहायला पायात घालायची वल्ही, आणि बूट, मग वेटसूट, मग डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे बुडीची खोली आणि वेळ मोजणारं यंत्र. रेग्युलेटर आणि जॅकेट त्यानंतर. वर्षातून एकदा चार दिवस मालवणला जाणाऱ्याने सिलिंडर विकत घेऊच नये, तिथे मिळतं. हे सांगून मी स्वतःची विक्री घालवतो, असं माझे धाकटे बंधू म्हणतात. पण ज्याच्या घरात सिलिंडर धूळ खात पडतं तो माणूस दुकानात परत येत नाही.

रेग्युलेटरच्या बाबतीत खानदेशचं पाणी वेगळं. पावसाळ्यानंतर तापी गढूळ असते, धरणाच्या तळाला बोटभर अंतरावरचं दिसत नाही. बारीक गाळ रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे सिलिंडरवर बसून दाब कमी करणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगपाशी बसतो. म्हणून इथे काम करणाऱ्याला मी डायफ्रामचा (पडद्याचा), बाहेरून सीलबंद केलेला पहिला टप्पा देतो, आणि ईएन २५० हा युरोपीय मानकाचा शिक्का असल्याशिवाय दुकानात रेग्युलेटर ठेवतच नाही. धुताना आधी पहिल्या टप्प्याच्या तोंडावर धूळटोपी घट्ट लावायची आणि तोंडात धरायच्या भागाचं मधलं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी उलटं आत जातं. सोबत कात्री हवी. नुसता चाकू नको. धरणांत मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी पडून असतात, अंधारात त्यात पाय अडकला की सुटायला कात्रीच कामी येते.

सिलिंडरचं काम सगळ्यात किचकट. दाबाचं कोणतंही सिलिंडर आपल्याकडे पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या नियमांत येतं, तिचं मुख्यालय नागपूरला. मंजुरी नसलेलं, परदेशातून सामानात घालून आणलेलं सिलिंडर आम्ही भरत नाही आणि विकत नाही. सिलिंडरच्या खांद्यावर पाणीदाब चाचणीची तारीख कोरलेली असते, ती आधी वाचायची. आमचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. भरलेलं सिलिंडर बंद गाडीत ठेवलं तर दर अंशाला साधारण ०.६ ते ०.७ बार दाब चढतो. वेटसूटलाही हा उन्हाळा मारतो. पत्र्याच्या खोलीत घडी करून ठेवलेला सूट दोन उन्हाळ्यांत घडीवर तडकतो. धुऊन, उलटा करून, सावलीत वाळवून, रुंद हँगरवर घरातल्या थंड कोपऱ्यात टांगावा.

एक मोठी ऑर्डर मी सोडली, ती सांगतो. एका ठेकेदाराला विहिरींच्या कामासाठी सहा संच हवे होते, सिलिंडरसकट. उतरणाऱ्या पोरांचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं, आणि तो म्हणाला, "हवा आम्ही आमच्या कॉम्प्रेसरने भरून घेऊ." श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा, त्यात तेलाची वाफ आणि ओलावा धरणारी गाळणी असते, तिचे तास मोजून ती बदलावी लागते, धूर टाळायला हवेचं तोंड लांब आणि वारा येतो त्या बाजूला न्यावं लागतं. तो ऐकायला तयार नव्हता. मी वेटसूट आणि दोर दिले, बाकी दिलं नाही. तो रागावून गेला. त्या वर्षी दुकानाचं भाडं कसं द्यायचं हा प्रश्न पडला होता, पण नानांचा काठावरचा चेहरा आठवला की दुसरं काही करता येत नव्हतं. तेव्हापासून नियम आहे : हवेशी संबंध असलेली वस्तू प्रशिक्षणाचं कार्ड पाहूनच.

तोरणमाळच्या यशवंत तलावात बुडी मारायची म्हणून शहाद्याची काही मंडळी आली होती. हौस चांगली, पण तो तलाव हजार मीटरहून उंचावर आहे. तीनशे मीटरच्या वर हवेचा दाब कमी असल्याने बुडीचं गणित बदलतं, कॉम्प्युटर उंचीप्रमाणे लावावा लागतो. त्यांना मी आधी त्याचं शिक्षण घेऊन यायला सांगितलं. ते घेऊन आले, याचा आनंद वाटला.

गेल्या दोन वर्षांत मुली येऊ लागल्या आहेत. पहिल्या दोघी चोपड्याच्या, जलतरणपटू. त्यांच्या मापाचा एकही सूट दुकानात नव्हता. पुरुषांचा लहान सूट दिला तर छातीला दाटतो आणि कमरेला ढगळ. मी त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं आणि ते मनाला लागलं. आता बायकांच्या मापाचे सूट आठ आकारांत ठेवतो, माप माझी पत्नी घेते, तिनेही मागच्या हिवाळ्यात तारकर्लीला जाऊन कार्ड घेतलं. त्या दोघींना फोन केला. नवरात्रात दोघी आल्या, पाच मिलिमीटरचे सूट अंगात घालून अर्धा तास दुकानात वाकून, बसून, हात वर करून बघत होत्या. नाना तेव्हा दारातल्या बाकावर होते. त्यांनी एका सुटाची बाही बोटांत धरून दाबून पाहिली आणि विचारलं, "ह्याची जाडी किती?"