परगावच्या व्यासपीठावर घसा का कोरडा पडतो?

तुम्ही विचारलंत म्हणून. "गल्लीत, मंडळात तोंड थांबत नाही, पण परगावच्या व्यासपीठावर नाव पुकारलं की घसा कोरडा. ही भीती कायमची घालवायची कशी?" बेळगाव भागात खानापूरपासून निपाणीपर्यंत हाच प्रश्न येतो.

कायमची जात नाही. समोर अनोळखी चेहरे दिसले की अंगात अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे भीतीच्या वेळी रक्तात सुटणारं रसायन, वाढतं. छाती धडधडते, हात कापतात, लाळ आटते. बहुतेकांच्या बाबतीत हा जोर सुरुवातीलाच जास्त असतो, बोलण्याला लय आली की ओसरतो. म्हणून खरी मेहनत पहिल्या मिनिटावर घ्यायची.

पहिली चार वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता यावीत इतकी पाठ हवीत. पुढचं मात्र घोकू नका. सगळं भाषण पाठ केलं की एक शब्द निसटला तरी मागचं-पुढचं सगळंच जातं. मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यावर लिहा, एकावर तीनच, ठळक अक्षरात. फुलस्केप कागद धरलात तर बोटांची बारीक थरथर कागदाच्या टोकाला चांगलीच दिसते, वर माईकमधून फडफड ऐकू येते ती वेगळीच. पाच मिनिटं मिळाली असतील तर पाचशे-सहाशे शब्द पुरेत. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, मग तीन मिनिटांत मजकूर संपतो.

आपली पाळी यायच्या आधी खुर्चीतच चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा ते आठ मोजत सोडा. असं पाच-सहा वेळा. सोडणं लांबवायचं, कारण श्वास सोडताना नाडी मंदावते. बरेचजण नुसती छाती भरभरून घेत राहतात आणि त्यांना गरगरायला लागतं. आयोजकांचा चहाचा आग्रह गोड बोलून टाळा, कोमट पाणी मागा. आधीच धडधड, त्यात चहाची भर कशाला?

अर्धा तास आधी पोहोचून दोघा-तिघांशी गप्पा मारा. बोलताना आधी त्यांच्याकडेच बघा. माईक तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या किंचित खाली. स्पीकरसमोर उभे राहिलात तर तो शिट्टी मारणार आणि उरलासुरला धीर जाणार.

बेळगाव-चिकोडीकडे सभा बऱ्याचदा मराठी-कन्नड मिश्र असते. सुरुवातीला 'एल्लरिगू नमस्कार' (सगळ्यांना नमस्कार) म्हणा, कन्नड श्रोतेही सैलावतात. पुण्या-कोल्हापूरला मात्र धास्ती वेगळीच: आपला हेल लोकांना कळेल! कळू दे की. पुस्तकी मराठी ओढूनताणून आणली की अर्धं लक्ष व्याकरणात अडकतं आणि अडखळणं तिथूनच सुरू होतं.

मध्येच सगळं विसरलात तर माफी मागत बसू नका. शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा, घोटभर पाणी प्या, पुठ्ठ्याकडे बघा. तीन-चार सेकंद तुम्हाला युगासारखे वाटतील; श्रोत्यांना वाटतं, वक्त्याने मुद्द्यावर जोर दिला.