चिठ्ठ्या शनिवारी संध्याकाळी

मंगळवार, रात्र

डोंगरात रेस्क्यू करणाऱ्या ग्रुपच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेच्या जागेचा घोळ आज मिटला एकदाचा. गावामागचा कातळ मिळाला, मालकीची जमीन आहे, ज्यांची आहे ते आप्पा स्वतः वर येऊन दाखवून गेले, ग्रामपंचायतीचं पत्रही हातात पडलं. कातळाच्या वरचा कारवीचा पट्टा वनखात्याचा, त्यांची परवानगी आधीच आली होती, अटी साध्या आहेत, शेकोटी नाही, झाडाला अँकर घेतला, म्हणजे रोप बांधला, तर रोपखाली खोडाला काहीतरी गुंडाळायचं आणि जाताना सगळा कचरा बरोबर न्यायचा.

किल्ल्यावर स्पर्धा घ्यायची नाही हे पहिल्या मिटींगलाच ठरलं होतं. दोघंतिघं म्हणत होते लोहगड, विसापूर एवढे जवळ असताना इकडे कशाला, फोटो चांगले येतील, लोक बघायला येतील. पण लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलाय, आणि ते सोडलं तरी रविवारी तिथल्या पायऱ्यांवर मुंगीला जागा नसते, अशा ठिकाणी वरून स्ट्रेचर सोडायचं म्हणजे खालच्या माणसांच्या डोक्यावर दगड. आपला सह्याद्री दिसतो काळाकभिन्न पण कड्याच्या तोंडाशी सगळा मुरूम आणि घसारा असतो, रोप नुसता इकडून तिकडे सरकला तरी खडे सुटतात. त्यामुळे नियम असा केलाय की चुन्याच्या रेघेच्या आत जो कोणी येईल, मग तो चहा घेऊन आलेला पोरगा का असेना, त्याच्या डोक्यावर हेल्मेट पाहिजे.

कातळ साधारण सत्तर फूट आहे. जास्त नाही, पण खाली उतरायला बाजूने सोपी वाट आहे म्हणजे जजना दोन्हीकडे पळता येईल, आणि मुख्य म्हणजे आजूबाजूला कुठे आग्या मोहोळ नाही. हे बघायला दोन जण तीन वेळा फिरून आले. मोहोळ उठलं की सगळ्यात पट्टीचा क्लायंबरसुद्धा रोपवर लटकलेला असतो आणि त्याला पळता येत नाही, ह्याच्याइतकी भीती मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

बुधवार

दिवसभर शाळा, मग थेट गोडाऊनला. सामान मोजणं चालू होतं. आमचे फार न ताणणारे स्टॅटिक रोप, कॅराबिनर म्हणजे लॉकच्या कड्या, पुल्या, रोपवरून उतरायचे डिसेंडर, हार्नेस, दोन स्ट्रेचर, पाठीचा कणा हलू नये म्हणून स्पाइन बोर्ड, मानेच्या सी-कॉलर वेगवेगळ्या मापाच्या. प्रत्येक रोप हातातून सरकवत तपासायचा, कुठे मऊ पडलाय का, कुठे कव्हर फुगलंय का, शंका आली की बाजूला. ह्यात वाद घालायचा नाही, बाजूला म्हणजे बाजूला, तो रोप नंतर सामान बांधायला वापरू. कड्याच्या धारेवर रोपखाली घालायला जुन्या फायर होजचे तुकडे कापून ठेवले, गोणपाटापेक्षा ते बरे पडतात.

आणि टेप. बाहेरचे ग्रुप येणार, कोकणातून, सातारकडून, नाशिककडून, सगळ्यांचे कॅराबिनर दिसायला सारखेच, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या रंगाची इन्सुलेशन टेप लावून आणायची असं कळवलंय. आमची पिवळी. खऱ्या रेस्क्यूनंतर रात्री दोन वाजता अंधारात कुणाचं काय हे शोधत बसणं ज्यांनी केलंय त्यांना ह्या टेपची किंमत कळते.

मार्कांचा तक्ता माझ्याकडे आहे. शंभरातले वेळेला फक्त वीस ठेवलेत. चाळीस सेफ्टीला, पंधरा आपसातल्या बोलण्याला, आणि पंचवीस पेशंटला. वेळेला कमी का म्हणून विचारणारे बरेच निघाले, स्पर्धा म्हटली की घड्याळ आलंच ना. पण घड्याळ लावलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, कॅराबिनरचा लॉक फिरवायचा राहतो, दुसरा माणूस चेक करायच्या आधीच स्ट्रेचर धारेवरून खाली जातं, मेन रोप असतो पण बॅकअप रोपवरचा माणूस तिसरीकडेच बघत असतो. म्हणून उघडा लॉक दिसला की जज शिट्टी मारणार, सगळं जिथल्या तिथं थांबणार, आणि घड्याळ मात्र चालूच राहणार. आपोआप कळेल.

पेशंटचे पंचवीस मार्क पेशंटच देणार, जज नाही. हे मी हट्टाने घातलंय. स्ट्रेचरवर बांधलेल्या माणसाला आकाशाशिवाय काही दिसत नाही, हात आत, मान कॉलरमध्ये, आणि वर चारपाच जण एकमेकांवर ओरडतायत. त्याला कुणी सांगितलं का की आता तुला उचलतोय, आता जरा डावीकडे कलशील, घाबरू नकोस? खाली दगड टोचतोय का विचारलं? अंगाखाली काही अंथरलं का? जानेवारीत सकाळी कातळावर अर्धा तास पडून राहिलं की धडधाकट माणूसही कुडकुडतो, रक्त गेलेल्या माणसाचं काय होत असेल. उतारावर नेताना पाय पुढे, चढावर डोकं पुढे, हे सगळ्यांना पाठ आहे, पण पेशंटचं नाव विचारून त्या नावाने हाक मारणारे कमी. नाव घेऊन बोलणारा एक माणूस स्ट्रेचरच्या डोक्याशी असला की पेशंट शांत राहतो, आणि पेशंट शांत राहिला की उचलणाऱ्यांचं काम निम्मं होतं.

गुरुवार

आज सर्चची तयारी. मला मनापासून वाटतं की खरी परीक्षा इथे आहे. रोप सगळ्यांना आवडतो, रोपवर फोटो येतात, पण आमच्याकडे येणारे बरेचसे कॉल हे कुणीतरी वाट चुकलंय, फोन लागत नाही, अंधार पडलाय असेच असतात. २०२२ च्या मे महिन्यात लोणावळ्याजवळ ड्यूक्स नोजकडे गेलेला एक तरुण परतताना वाट चुकला, त्याने फोन करून तसं कळवलंही, मग फोन बंद झाला. एनडीआरएफ, पोलीस, स्थानिक ग्रुप, ड्रोन, श्वानपथक, चार दिवस सगळे दऱ्या पालथ्या घालत होते. सापडला तेव्हा तो गेलेला होता. त्या भागात ज्यांनी शोधलंय ते सांगतात की कारवीत दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, आणि ओढ्याचा आवाज असेल तर हाकही ऐकू जात नाही.

तर आमचा सीन असा, दोन मित्र, एक सापडलाय पण गोंधळलेला, दुसरा चुकीच्या नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, उतरलाय, शेवटचा फोन आदल्या संध्याकाळी. टीमला शेवटचं ठिकाण मिळेल, नकाशा मिळेल, आणि एक आई मिळेल. आईचं काम गावातल्या मावशी करणार आहेत, ज्यांच्याकडे आमचं जेवण आहे त्याच. त्यांना सांगितलंय की मुलाचा शर्ट कुठला, त्याला दम्याचा त्रास आहे का, पोहता येतं का, घाबरल्यावर तो एका जागी बसतो का चालत सुटतो, हे सगळं तुम्हाला माहितीय पण विचारलं तरच सांगायचं. मावशींनी विचारलं, "आणि नाहीच विचारलं तर?" म्हटलं नाही सांगायचं. त्या म्हणाल्या, "मग मी रडणार, आई असून गप बशीन व्हय?" मी तिथल्या तिथे तक्त्यात एक ओळ वाढवली, आईशी कोण बोललं, बसून बोललं का उभ्या उभ्या. कारण खऱ्या जागी हेच होतं, घरचे रडत असतात आणि आम्ही त्यांना बाजूला व्हा म्हणतो, आणि सगळ्यात कामाची माहिती त्यांच्याकडेच असते.

वाटेवर खुणा पेरून आलो, पाण्याची बाटली, टोपी, ओल्या मातीत बुटाचा ठसा, बिस्किटाचा पुडा. एक जुनी चप्पलही टाकलीय जिचा सीनशी संबंध नाही, रानात असं बरंच काही पडलेलं असतंच. खूण दिसली की उचलायची नाही, जागा नोंदवायची, फोटो घ्यायचा, वॉकीटॉकीवर कळवायचं. आणि शिट्टी मारून झाली की गप्प बसून ऐकायचं. मिनिटाला सहा वेळा ही मदतीची खूण ट्रेकिंगमध्ये सगळीकडे चालते, पण शोधणारे स्वतःच इतका आवाज करत जातात की उत्तर आलं तरी कळत नाही. म्हणून आमचा हरवलेला मुलगा अगदी हळू शिट्टी वाजवणार आहे.

पेशंट म्हणून कॉलेजची मुलं आलीयत. जखमा बनवायला मैदा, ग्लिसरीन, खायचा लाल रंग, आणि आमच्यातल्या नर्सताईंचा हात. मोडलेला पाय इतका खरा दिसत होता की मावशी बघायला आल्या त्या मागच्या मागे परत गेल्या.

शुक्रवार, खूप उशिरा

आता ज्याच्यावर आठवडाभर फोन चालू आहेत तो विषय. रविवारची फायनल.

पहिल्यापासून माझं आणि दादांचं म्हणणं होतं की फायनलला ग्रुप मोडायचे. शनिवारी संध्याकाळी चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येक टीममध्ये वेगवेगळ्या गावचे आठ जण, लीडरही चिठ्ठीनेच, आणि सकाळी त्यांना एकत्र स्ट्रेचर खाली आणायचं, मग पुढे ओढ्यातून रस्त्यापर्यंत न्यायचं. ह्यावर बरेच नाराज झाले. नाशिककडच्या काकांचा मुद्दा खोटा नाही, ते म्हणाले पोरांनी तीन महिने एकमेकांबरोबर सराव केलाय, एकमेकांच्या डोळ्यावर भरवसा ठेवायला शिकलीयत, आणि तुम्ही ऐन वेळी त्यांना अनोळखी माणसाच्या बिलेवर, म्हणजे त्याने धरलेल्या रोपवर, लटकवणार. सेफ्टीला चाळीस मार्क ठेवता आणि असं करता?

मला त्यांना उत्तर द्यायचं होतं ते फोनवर नीट देता आलं नाही म्हणून इथे लिहिते. काका, खऱ्या जागी आपण अनोळखी माणसाच्याच बिलेवर असतो. २०१८ ला आंबेनळी घाटात बस दरीत गेली तेव्हा महाबळेश्वरचे ट्रेकर होते, बाकी गावांचेही होते, सगळ्यांचे रोप एकाच दरीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून इरशाळवाडी गेली, वर जायला रस्ता नाही, पाऊस थांबत नाही, मशिनं पोचू शकत नाहीत, चालतच चढायचं, नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी तर चढतानाच हार्ट अटॅकने गेले. खोपोली, पनवेल, लोणावळा, कुठून कुठून लोक आले होते. फावडी घमेली घेऊन हाताने खणणं चालू होतं, एनडीआरएफचे जवान आणि गावोगावची पोरं एकाच ढिगाऱ्यावर. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले, २३ तारखेला शोध थांबवला. दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी मीही वर होते, सामान पोचवणाऱ्यांच्या साखळीत. माझ्या पुढच्या माणसाचं आणि मागच्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. भला माणूस होता पुढचा, त्याने मला हात देऊन तो चिखलाचा टप्पा पार करवला. मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की एका डोंगरात काम करणारी आपण माणसं एकमेकांना भेटतो ती कुणाच्या तरी घरावर आकाश कोसळलेलं असतं तेव्हा. आधी भेटलेले असू तर तिथे पहिला तास एकमेकांची पद्धत समजण्यात जाणार नाही. आमच्यात एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन खाली. तुमच्याकडे तसंच आहे का? गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या एका ग्रुपबरोबर काम करताना कळलं की त्यांचं वर आणि खाली नेमकं उलटं आहे, आणि हे कळलं ते पेशंट अजून जमिनीवर होता म्हणून बरं.

शेवटी आज रात्री चहावर मिटलं. काकांचं ऐकून दोन बदल केले. शनिवारी चिठ्ठ्या झाल्या की नव्या टीमला दोन तास एकत्र सराव, जमिनीवर, स्ट्रेचर बांधण्यापासून थ्री-टू-वन, म्हणजे ओझं हलकं करणारी पुल्यांची रचना, लावून ओढण्यापर्यंत सगळं. आणि बॅकअप रोपवर प्रत्येक टीमसाठी आमचा एक स्वतंत्र जज बसणार, तो स्पर्धेत नसेल, फक्त तो रोप धरेल. हा दुसरा बदल काकांनी सुचवला आणि तो आमच्या मूळ आराखड्यापेक्षा चांगला आहे. चषक मात्र ग्रुपलाच, शनिवारच्या मार्कांवर. रविवारी चषक नाही, रविवारी सगळ्यांना एकच शिट्ट्यांचा तक्ता छापून द्यायचा, तिथेच चर्चा करून ठरलेला.

अजून एक गोष्ट, उद्या वीकेंड आहे, म्हणजे खरा कॉल येऊ शकतो. आमच्यातले सहा जण स्पर्धेत नाहीत, त्यांची गाडी भरून रस्त्याला तोंड करून उभी आहे, त्यातल्या सामानाला कुणी हात लावायचा नाही. मोठं काही असेल तर स्पर्धा बंद, जे आलेत ते सगळे निघणार, हे सगळ्या लीडरनी सही करून मान्य केलंय. आणि सरावात कुणाला खरंच लागलं तर वॉकीटॉकीवर "खरा पेशंट, खरा पेशंट, खरा पेशंट" असं तीनदा, की त्या क्षणी सगळे रोप लॉक. अँब्युलन्स शाळेच्या पटांगणात आहे, डॉक्टर सकाळी सातला येतायत, सर्पदंशावरचं इंजेक्शन असलेला जवळचा दवाखाना कुठला आणि तिथे रात्री कोण असतं हे आज फोन करून पक्कं केलं.

सातारकडची गाडी आत्ता खंबाटकी उतरली म्हणून मेसेज आलाय. मावशींनी त्यांच्यासाठी इंद्रायणी भात आणि पिठलं झाकून ठेवलंय, शाळेच्या दोन खोल्या झाडून सतरंज्या घातल्यात, पाण्याचे जार आलेत, मोबाइल टॉयलेट अजून यायचंय, सकाळी सहाचा वायदा आहे आणि दादा त्याच्या मागे लागलेत. पेशंटच्या मुलांना साडेसहाला लपवायला न्यायचंय, त्यांना थर्मास, स्वेटर आणि एकेक वॉकीटॉकी मी स्वतः हातात देणार, आणि दर पंधरा मिनिटांनी त्यांनी मला आवाज द्यायचा. काका चिठ्ठ्यांसाठी नावं लिहायला बसलेत, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे त्यांचं.