ठाण्याहून नाशिकच्या द्राक्षमळ्यात जेवायला जाणाऱ्यांसाठी

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात, द्राक्षमळ्यांच्या मधोमध, ‘शेतातून थेट ताटात’ अशी जाहिरात करणारी उपाहारगृहे अलीकडे बरीच निघाली आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दुपारचे जेवण घेतले: आम्ही दोघे, सासू-सासरे आणि अकरा व पाच वर्षांची दोन मुले. माणशी २,२०० रुपयांचे ठरावीक जेवण, असे टेबल राखून ठेवताना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात हातात पडलेले बिल २३ हजारांच्या वर होते. ठाणे-नवी मुंबईकडून सहकुटुंब जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठीच हा वृत्तांत.

रस्त्याविषयी थोडक्यात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. इगतपुरीला उतरून घोटीवरून जुन्या महामार्गाने नाशिक गाठावे. सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा मुलांना फार आवडतो. मात्र माजिवड्यापासून वडप्यापर्यंतच्या पट्ट्यात अवजड वाहनांच्या मागे रांगत जाण्याला पर्याय नाही, त्यामुळे सकाळी सहाच्या आत घोडबंदर किंवा ऐरोली सोडणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी दुपारच्या जेवणाची वेळ ठरवूच नये. आम्ही शनिवारीच निघून नाशिकला मुक्काम केला. त्र्यंबकेश्वरचे दर्शन सुरळीत झाले, मिसळ उत्तम मिळाली. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

जेवणाची जागा देखणी आहे, हे मान्य करावेच लागेल. वाहनतळापासून टेबलापर्यंत खडीची चढती वाट आहे आणि शेवटी कठडा नसलेल्या पायऱ्या आहेत. सपाट तळव्यांचे बूट असले की झाले. ज्यांना एवढे चालवत नाही त्यांना घेऊन जाऊ नये, कारण गाडी वर सोडत नाहीत. गच्चीवरच्या टेबलांवर दुपारी एकनंतर ऊन थेट येते आणि छत्र्या मोजक्याच आहेत, तेव्हा आतली जागाच मागून घ्यावी.

आता शेताविषयी. प्रवेशद्वाराजवळ फार तर दोन गुंठ्यांत तुळशीचे परदेशी भाऊबंद, सॅलडची पाने आणि चेरी टोमॅटोचे वाफे नीटनेटके लावलेले आहेत. त्या दिवशी भरलेली टेबले पाहता, एवढ्या जागेतून तितक्या माणसांचे जेवण निघणे शक्य नाही, हे शेतीशी दुरूनही संबंध असलेल्या कोणालाही कळेल. सासरे निवृत्त कृषी सहायक असल्याने त्यांना राहवले नाही आणि ते मागच्या बाजूला फेरफटका मारून आले. स्वयंपाकघराच्या दाराशी टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या आणि अॅव्होकॅडोची एक छापील खोकी रचलेली होती. नाशिकसारख्या ठिकाणी बाजारातून टोमॅटो आणण्यात गैर काहीच नाही, गिरणाऱ्याचा टोमॅटो बाजार तर हाकेच्या अंतरावर आहे. पण मग ‘सर्व काही आमच्या मातीतले’ असे पाटीवर लिहू नये. वाढणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की पाने, सुगंधी वनस्पती आणि छोटे टोमॅटो आमचे, बाकी बाहेरचे.

ते छोटे टोमॅटो मात्र खरोखर अप्रतिम होते. भाजलेल्या वांग्याबरोबर दिलेला इंद्रायणी भातही उत्तम होता. बाकी सात पदार्थांत दोन तळहाताएवढ्या भाकऱ्या, बिटाच्या पातळ चकत्या, पनीरचा एक चौकोन आणि बरीच रिकामी बशी. पाच वर्षांच्या मुलाने भातच खाल्ला. पहिल्या बशीपासून शेवटच्या बशीपर्यंत अडीच तास लागले.

आणि बिल. सहा वर्षांवरील मुलाला पूर्ण आकार, त्याखाली अर्धा; म्हणजे जेवणाचे १२,१०० रुपये. प्रत्येक प्रौढाला वाइनची जोड सक्तीची, माणशी १,४००. आमच्यातील सासू-सासरे माळकरी, नवरा गाडी चालवणार. वाइन घेणारी मी एकटी. उरलेल्या तिघांना तशाच उंच पेल्यांतून द्राक्षाचा रस दिला आणि दर मात्र वाइनचाच लावला. पाण्याच्या चार बाटल्यांचे ४८० रुपये. बाटलीवरच्या छापील किमतीपेक्षा हॉटेलने जास्त घेण्यावर वाद घालू नये, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच तो हॉटेलांच्या बाजूने निकाली काढला आहे. साधे पिण्याचे पाणी मागावे. या सगळ्यावर दहा टक्के सेवा शुल्क, म्हणजे १,८१८ रुपये. त्यानंतर वाइनवर व्हॅट आणि जेवणावर पाच नव्हे, तर १८ टक्के जीएसटी. शेवटचे हे बेकायदा नाही: ज्या हॉटेलात मागील आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक आकारला गेला असेल, तेथील उपाहारगृहाला १८ टक्के लागतात, आणि या मळ्यात महागड्या कुटिरांची रांगच होती. पण जाहिरातीत ‘अधिक कर’ एवढेच लिहिलेले असते आणि माणूस मनात पाच टक्के धरून जातो.

सेवा शुल्काचे तसे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना ग्राह्य धरल्या. व्यवस्थापकाने आधी ‘ही आमची पद्धत आहे’ असे सांगितले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उल्लेख होताच ते शुल्क आणि त्यावरचा जीएसटी काढून नवे बिल आले, २१ हजारांचे. रसाच्या तीन पेल्यांबाबत त्यांनी एक रुपयाही सोडला नाही, कारण आरक्षणाच्या अटींत ते बारीक अक्षरांत लिहिलेले होते.

तेव्हा टेबल राखण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे: वाइन न घेणाऱ्यांना वेगळा दर आहे का, मुलांचे वय कसे मोजतात, जीएसटी पाच की अठरा. उत्तरे लेखी, निदान व्हॉट्सअॅपवर घ्यावीत. टाळाटाळ झाली तर दुसरे ठिकाण पाहावे. मेनूतून हवे ते मागवता येईल अशीही ठिकाणे याच रस्त्यावर आहेत आणि कुटुंबाला तीच सोयीची. मळे पाहायचे असतील तर काढणीच्या काळात, जानेवारी ते मार्चमध्ये जावे. एप्रिलच्या छाटणीनंतर नुसते खुंट दिसतात. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात, मुलांना ती आवडत नाहीत. रस्त्यावरच्या दुकानांतून थॉमसन ही बिनबियांची द्राक्षे घ्यावीत. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, त्या सुट्टीत वाइन चाखायला जाण्यात अर्थ नाही. गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा फार लवकर ओलांडली जाते.

आणि रविवारी परतायचे असेल तर साडेतीनलाच उठावे, गोड पदार्थ आला नाही तरी. आम्ही पाचला निघालो आणि माजिवड्याच्या पुलाखाली साडेदहाला पोहोचलो, त्यातला सव्वा तास नुसता वडप्यापासून पुढचा होता.