निचऱ्याचा भोवरा, नोंद 3: क्रॉस बसवला, आता चकती

टाकी रिकामी होताना छिद्रावर भोवरा होतो आणि हवा ओढली जाऊन निचरा मंदावतो. तो मोडायला छिद्रावर क्रॉस (एकमेकींत अडकवलेल्या दोन उभ्या पट्ट्या) बसवला. टाकी आधीच्या नोंदींतलीच. आतला व्यास 290 मिमी, तळाच्या मधोमध 12 मिमीचं छिद्र, पाणी 200 मिमी, म्हणजे 13.2 लिटर. निस्सरण गुणांक (छिद्रातला प्रत्यक्ष प्रवाह भागिले सैद्धांतिक प्रवाह) 0.6 धरला तर भोवऱ्याविना निचऱ्याला सुमारे 197 सेकंद लागतात. स्टॉपवॉच या आकड्याशी ताडायचं. भोवऱ्यातली हवेची नळी 6 मिमी जाड झाली तरी छिद्राचं पाव क्षेत्रफळ गेलंच.

पट्ट्या कापण्याआधी थोडं गणित. कडेपासून छिद्राच्या काठापर्यंत त्रिज्या 24 पटींनी घटते. कोनीय संवेग (इथे फिरणाऱ्या पाण्याचा वेग गुणिले त्रिज्या) टिकला तर फिरण्याचा वेग तितकाच वाढतो. कडेचं पाणी 10 सेकंदांत फेरी मारत असेल, तर छिद्राशी 2.2 मी/से. 200 मिमी पाण्याचा दाब मात्र जेमतेम 2 मी/से देतो, म्हणजे हवा सुरुवातीलाच खाली उतरणार. फेरी 30 सेकंदांची असेल तर हीच वेळ 27 मिमी पातळीवर येते. घर्षण धरलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात भोवरा याहून उशिरा उतरेल.

म्हणूनच भरताना पाण्याची नळी भिंतीला तिरकी लावू नये. मधोमध, उभी, तोंडाला स्पंज. नंतर निदान अर्धा तास थांबावं. (पृथ्वीच्या फिरण्याला इथे दोष देऊ नका. 1962 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधक शापिरो यांना तो परिणाम दिसण्यासाठी सुमारे 1.8 मीटर व्यासाच्या टाकीतलं पाणी 24 तास निवांत ठेवावं लागलं.)

क्रॉस: 48 × 24 मिमीच्या दोन पट्ट्या. 3 मिमी ॲक्रिलिक थेट छिद्रावर टेकवलं की 113 पैकी 62 चौ. मिमी झाकले जातात! भोवरा थांबतो, पण निचराही रखडतो, आणि क्रॉस 'चालला' असं उगाच वाटतं. उपाय असा: दोन्ही पट्ट्यांच्या खालच्या कडेला मधोमध 14 मिमी रुंद, 6 मिमी उंच खाच. मग उरलेल्या 18 मिमीत एकमेकींत अडकवायच्या फटी 9-9 मिमीच्या. सिलिकॉन पूर्ण वाळू द्यावं. कच्चं असताना क्रॉस सरकतो आणि खाच छिद्रावरून हटते.

शेवटच्या थोड्या पाण्यात क्रॉस असूनही हवा ओढली जाते. पृष्ठभागावर कागदाचे कपटे टाकून पाहावं: ते न फिरता सरळ आत सरकत असतील तर तो भोवरा नव्हे, नुसता खळगा. त्यावर क्रॉसचा इलाज नाही. त्यासाठी 48 मिमीची चकती, तळापासून 6 मिमी वर: छिद्राच्या काठावरून आत येण्याची वाट 226 चौ. मिमी, छिद्राच्या दुप्पट. चकती क्रॉसच्या डोक्यावर, 24 मिमीवर ठेवली तर ती लवकर उघडी पडते. म्हणून पुढच्या चाचणीत क्रॉस काढून चकतीखालीच 6 मिमी उंचीची चार पाती, केंद्रापासून 8 मिमी सोडून.